रॉकेट का फुटतं आणि माणसं का मरतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत

१८ जून २०२५ च्या रात्री टेक्सासमध्ये स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप हे महाकाय रॉकेट चाचणीच्या ओट्यावर उभ्या उभ्या फुटलं. इंजिनं पेटवून पाहायची होती. ती पेटायच्या आधीच आगीचा प्रचंड लोळ उठला. व्हिडिओ पाहताना वाटतं, यात पन्नास-शंभर माणसं तरी गेली असणार. गेलं कुणीच नाही. मग चर्चा नेहमीच्या वळणावर गेली: एक गट म्हणाला पैसे जळाले, दुसरा म्हणाला फुटल्याशिवाय शिकता येत नाही.

त्या वादात एक साधी गोष्ट निसटते. एवढ्या मोठ्या स्फोटात कुणालाही इजा होत नाही, आणि इतिहासात याहून कितीतरी लहान रॉकेटांनी एका फटक्यात डझनावारी माणसं मारली आहेत. म्हणजे स्फोटाचा आकार आणि मृतांचा आकडा यांचं गणित सरळ नाही. रॉकेट का फुटतं याचं उत्तर रसायनशास्त्रात आणि धातूकामात सापडतं. माणसं का मरतात याचं उत्तर बहुतेक वेळा वेळापत्रकात सापडतं.

## स्वतःची हवा सोबत नेणारी आग

चुलीतलं लाकूड जळतं ते भोवतालच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन. हवा जेवढी आत शिरेल तेवढीच आग, आणि तोंड बंद केलं की चूल विझते. रॉकेटला हा लगाम नाही. वर जाताना हवा विरळ होते आणि पुढे संपतेच, म्हणून रॉकेट जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजनही टाकीत भरून नेतं. इंधनाला जाळणाऱ्या या दुसऱ्या पदार्थाला ऑक्सिडायझर म्हणतात. तो उणे १८३ अंशांवर द्रव झालेला ऑक्सिजन असेल, नायट्रिक आम्लासारखं जहाल रसायन असेल, किंवा घन इंधनात आधीच कालवलेली पूड असेल. कसंही असलं तरी आगीला लागणारं सगळं सामान एकाच नळकांड्यात, एकमेकांपासून हातभर अंतरावर असतं. बाहेरून झाकून ही आग गुदमरत नाही.

त्यात हे नळकांडं पातळ असतं, कारण प्रत्येक किलो वर न्यायचा असतो. नासाच्या स्पेस शटल या यानाची मोठी नारिंगी टाकी रिकामी असताना सुमारे २६ टन भरायची आणि तिच्यात ७०० टनांहून जास्त द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजन मावायचा. अमेरिकेच्या सुरुवातीच्या अ‍ॅटलास रॉकेटचा पत्रा तर इतका पातळ होता की आतल्या वायूच्या दाबावरच ते ताठ उभं राहायचं. १९६३ साली व्हँडेनबर्ग तळावर हा दाब गेला आणि उभं रॉकेट स्वतःच्या वजनाने दुमडून कोसळलं.

सगळं सुरळीत चाललं असतं तेव्हाही आत जे घडतं ते काही शांत नसतं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ चा पहिला टप्पा दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिडायझर जाळायचा. तेच सगळं सामान मोजून-मापून न जळता एकदम जळलं, की आपण त्याला अपघात म्हणतो.

## इंधनाचा स्वभाव

द्रव ऑक्सिजन स्वस्त आणि ताकदवान आहे, पण तो सतत उकळून उडत राहतो. टाकीत भरून महिनोन् महिने ठेवता येत नाही. अंतराळ संस्थेला ते चालतं. हुकूम आल्यावर काही मिनिटांत क्षेपणास्त्र सोडायचं असलेल्या सैन्याला चालत नाही. म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत आणि अमेरिकी सैन्य दोन्ही वेगळ्या रसायनांकडे वळले: एकमेकांना नुसता स्पर्श झाला की पेटणारी जोडी. अशा जोडीला हायपरगोलिक म्हणतात. ही वर्षानुवर्षं भरून ठेवता येते आणि तिला पेटवायला ठिणगीही लागत नाही. अडचणही तीच आहे, कारण गळती झाली तरी ठिणगी लागत नाही. शिवाय दोन्ही रसायनं विषारी. श्वासातून गेली तरी जीव घेतात.

तिसरा प्रकार घन इंधनाचा. ठेवायला सोपं, हाताळायला बरं, म्हणून आजची बहुतेक लष्करी क्षेपणास्त्रं यावरच चालतात. पण एकदा पेटलं की ते विझवायची सोय नाही. त्यातल्या ऑक्सिडायझरची कथाही विचित्र आहे. १९८६ साली चॅलेंजर या शटलला अपघात झाल्यानंतर शटलची उड्डाणं थांबली आणि त्यासाठी बनणारी अमोनियम परक्लोरेटची पूड नेवाडातल्या हेंडरसनच्या कारखान्यात साठत गेली. ४ मे १९८८ रोजी तिथे आग लागली, मागोमाग स्फोट झाले, दोघे मेले आणि शेकडो जखमी झाले. म्हणजे जवळपास एकही रॉकेट नसताना झालेला हा रॉकेटचाच अपघात.

## एवढ्याशा चुकीने एवढं मोठं यंत्र पडतं कसं?

ही शंका रास्त आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून बनवलेल्या यंत्रात इतकी तपासणी होते, मग एखादी तार किंवा एखादा आकडा ते पाडतो कसा?

२ जुलै २०१३ रोजी कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून निघालेलं रशियाचं प्रोटॉन रॉकेट काही सेकंदांत आडवं झालं, उलटं झालं आणि जमिनीवर आदळलं. दिशा सांगणारे काही सेन्सर उलटे बसवले होते. वर कुठली बाजू हे दाखवणारी खूण त्यांच्यावर होती, आणि ते उलटे नीट बसतही नव्हते. कुणीतरी जोर लावून बसवले होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी दिशा सोडून तुटलं. जुन्या एरियान-४ मधली संगणक आज्ञावली जशीच्या तशी घेतली होती. नवं रॉकेट जास्त वेगाने जात होतं, त्यामुळे एक आकडा ठरवलेल्या जागेत मावेना, आणि दिशा सांगणारे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले. गंमत म्हणजे (गंमत म्हणवत नाही खरं तर) ते गणित उड्डाणानंतर लागतच नव्हतं.

विमानात असं काही झालं तर वैमानिकाला वेळ मिळतो. इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत राहतं. रॉकेट तरंगत नाही. ते सतत स्वतःच्या आगीवर तोल सांभाळत असतं, आणि थोडं तिरकं झालं तरी समोरून येणाऱ्या हवेचा मार त्याच्या पातळ अंगावर आडवा बसतो. मग ते फुटण्याआधी मोडतं.

## स्फोट की मोडतोड? चॅलेंजरचं उदाहरण

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर ७३ सेकंदांनी 'फुटलं', असं सगळे म्हणतात. काटेकोरपणे पाहिलं तर ते मोडलं. घन इंधनाच्या बाजूच्या रॉकेटचे तुकडे एकमेकांना जोडताना सांध्यात रबरी कडं बसवलेलं असे. त्या सकाळी फ्लोरिडात थंडी गोठणबिंदूच्या आसपास होती, कडं ताठरलं आणि सांध्यातून ज्वाळा बाहेर आली. तिने मोठ्या टाकीला आणि तिच्या जोडणीला भाजलं. टाकी फाटली, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडून त्यांचा ढग पेटला, आणि तिरक्या झालेल्या यानाला हवेने तोडलं. सात जण बसलेला कक्ष मात्र बराचसा सलग राहिला. तो वर जाऊन खाली आला आणि सुमारे पावणेतीन मिनिटांनी समुद्रावर आदळला.

हा तपशील अंगावर येतो, पण तो महत्त्वाचा आहे. आदल्या रात्री ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण करू नका असं सांगितलं होतं. त्यांच्या व्यवस्थापकांनी आणि नासाने ते मोडून काढलं. रबर थंडीत ताठरतं हे विज्ञानाला नवीन नव्हतं.

## २,७०० टनांच्या रॉकेटचा स्फोट, मृत्यू शून्य

आता मूळ मुद्दा. दोन सोव्हिएत अपघात शेजारी ठेवून पाहू, दोन्ही बैकोनूरचे.

पहिला ३ जुलै १९६९ चा. चंद्रावर जाण्यासाठी बनवलेलं एन-१ हे रॉकेट २,७०० टनांहून जड होतं, तळाशी ३० इंजिनं. जमीन सोडल्यावर काही सेकंदांत एका इंजिनाचा पंप फुटला, आणि नियंत्रण यंत्रणेने एक सोडून सगळी इंजिनं बंद केली. रॉकेट लाँचपॅडवरच परत आदळलं. अण्वस्त्रं वगळता माणसाने केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. लाँचपॅड उद्ध्वस्त झाला. माणूस एकही मेला नाही, कारण सगळे आधीच लांब नेले होते.

दुसरा २४ ऑक्टोबर १९६० चा. आर-१६ हे नवं क्षेपणास्त्र, वजन सुमारे १४० टन, म्हणजे एन-१ च्या विसाव्या भागाइतकं. यात हायपरगोलिक जोडी भरलेली. आदल्या दिवशी गळती आणि विजेच्या जोडण्यांतले घोळ लक्षात आले. टाक्यांकडची काही पडदी चुकीने फुटली होती, त्यामुळे रसायनं नळ्यांपर्यंत पोचली होती. आता एक तर दोनेक दिवसांत उडवायचं, नाही तर इंधन काढून क्षेपणास्त्र परत कारखान्यात पाठवायचं. नोव्हेंबरमधला क्रांतीचा वर्धापनदिन तोंडावर होता. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल मित्रोफान नेदेलिन यांनी भरलेल्या क्षेपणास्त्रावरच दुरुस्ती करायला लावली आणि कुणी भ्यायचं कारण नाही हे दाखवायला स्वतः खुर्ची टाकून काही मीटरवर बसले. सेनापती बसलाय म्हटल्यावर बाकीच्यांना उठून जाणं कठीण.

ठरलेल्या वेळेच्या सुमारे अर्धा तास आधी क्रम ठरवणारं यंत्र पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणताना विजेचा संकेत भलत्या ठिकाणी गेला आणि दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं. त्याची ज्वाळा थेट खालच्या भरलेल्या टाकीवर. उड्डाणाचं चित्रण करायला लावलेले कॅमेरे आपोआप सुरू झाले आणि त्यांनी जळत धावणारी माणसं टिपली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी ७४ पासून १२६ पर्यंत दिला जातो. नेदेलिनही गेले. क्षेपणास्त्राचे मुख्य रचनाकार मिखाइल यांगेल वाचले, कारण ते सिगारेट ओढायला बंकरमध्ये गेले होते. नेदेलिन विमान अपघातात गेले असं देशाला सांगण्यात आलं, आणि खरी हकीकत १९८९ पर्यंत सोव्हिएत वृत्तपत्रांत आली नाही.

विसाव्या भागाचं रॉकेट, आणि तरी मृत्यूचं प्रमाण हे. फरक स्फोटाच्या ताकदीत नाही.

## हे सोव्हिएत राजवटीतच होतं, असं नाही का?

नाही. गुप्ततेने हानी वाढते हे खरं. १९८० साली प्लेसेत्स्क तळावर इंधन भरताना ४८ सैनिक मेले, तेव्हा दोष त्या मेलेल्यांवरच टाकला गेला. पुढे तसाच प्रसंग पुन्हा ओढवता ओढवता टळला आणि मग खरं कारण दिसलं: हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गाळण्यांना शिसं असलेला डाख वापरला होता, आणि शिशाच्या संपर्कात ते रसायन भडकतं.

पण खुल्या समाजांतही हाच साचा दिसतो. ९ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेच्या अर्कान्सास राज्यात सर्सीजवळ टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भूमिगत विहिरीत दुरुस्ती चालू असताना आग लागली. आत ५५ कामगार होते, वाचले दोन. बहुतेक जण धुराने आणि ऑक्सिजन संपल्याने गेले. क्षेपणास्त्र इंधनाने भरलेलं होतं, आणि ते फुटलंच नाही! २२ ऑगस्ट २००३ रोजी ब्राझीलच्या अल्कांतारा केंद्रात उड्डाणाला तीन दिवस उरले असताना घन इंधनाचं एक इंजिन आपोआप पेटलं आणि मनोऱ्यावर काम करणारे २१ जण मेले. पेटायला तयार इंधन आणि गर्दी, दोन्ही एकाच मनोऱ्यावर.

युद्धनौकांवर तर घाई हा रोजचाच भाग. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात 'फॉरेस्टल' या अमेरिकी विमानवाहू नौकेवर एका विमानाला लावलेलं झुनी रॉकेट विजेच्या झटक्याने सुटलं. ते समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. त्याचं स्फोटक तोंड फुटलंसुद्धा नाही, पण सांडलेलं इंधन पेटलं आणि शेजारचे जुने बॉम्ब दीडेक मिनिटात फुटायला लागले. १३४ जण गेले. रॉकेटची सुरक्षा पिन आणि विजेची जोडणी या दोन अडथळ्यांपैकी एक तरी विमान उडण्याच्या क्षणापर्यंत शाबूत राहायला हवा होता. उड्डाणं लवकर उरकावीत म्हणून दोन्ही आधीच दूर केले जात होते.

## मग चांगलं रॉकेट मुद्दाम का उडवून देतात?

भरकटलेलं रॉकेट आकाशात फोडलं जातं तेव्हा अनेकांना तो शुद्ध अपव्यय वाटतो. पण इथे विचार पुन्हा तोच आहे: रॉकेट गेलंच आहे, आता ते कुठे पडणार एवढंच हातात आहे. टाक्या हवेतच फाडल्या तर इंधन वर जळून जातं आणि तुकडे आखलेल्या रिकाम्या भागात पडतात. आपलं जीएसएलव्ही २००६ च्या जुलैत आणि २०१० च्या नाताळच्या दिवशी असंच बंगालच्या उपसागरावर नष्ट करावं लागलं. श्रीहरिकोटा, अमेरिकेतलं केप कॅनाव्हरल, फ्रेंच गयानातलं कुरू ही केंद्रं समुद्रकाठी आहेत ती याचसाठी.

चीनचं शीचांग केंद्र डोंगराळ मुलखात, समुद्रापासून दूर आहे. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथून सुटलेलं लाँग मार्च-३बी निघताच वळलं आणि सुमारे २२ सेकंदांत जवळच्या वस्तीपाशी डोंगरावर आदळलं. सरकारी आकडा सहा मृतांचा आहे. बाहेरच्या अनेकांना तो पटलेला नाही.

## वर अणुबाँब असेल तर?

१८ सप्टेंबर १९८० ची संध्याकाळ, अर्कान्सासमधलंच डमॅस्कस. टायटन-२ च्या विहिरीत काम करताना एका जवानाच्या पान्याचं सॉकेट निसटलं, सुमारे २४ मीटर खाली गेलं, आपटून उसळलं आणि त्याने इंधनटाकीला भोक पाडलं. रात्रभर काय करावं यावर वरिष्ठांत खल चालला. जवानांना बाहेर काढलं होतं. नंतर काहींना परत आत पाठवलं. पहाटे तीनच्या सुमारास स्फोट झाला, ७४० टनांचं झाकण उडालं आणि एक जवान मेला. क्षेपणास्त्रावर ९ मेगाटनांचा अणुबाँब होता. तो बाहेर फेकला गेला आणि जवळच पडलेला सापडला, न फुटता.

यात नशिबाचा वाटा होताच, पण विज्ञानाचाही होता. अणुस्फोटासाठी आतली स्फोटकं सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात, सगळ्या बाजूंनी एकाच वेळी फुटावी लागतात. आगीत ती वाकडीतिकडी जळतात, फुटलीच तर एका बाजूने फुटतात. म्हणून अणुस्फोट होण्यापेक्षा किरणोत्सारी धातू पसरण्याची भीती जास्त. ते घडलंही आहे: १९६२ साली प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर अणुबाँब बसवलेलं थॉर क्षेपणास्त्र लाँचपॅडवरच फोडावं लागलं आणि परिसर प्लुटोनियमने माखला.

## इतकी वर्षं झाली, अजून फुटतात कशी?

विमानाचा सांगाडा अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पेलेल असा बनवतात. माणसं नसलेल्या रॉकेटमध्ये हे प्रमाण सव्वापटीच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून मजबूत केलं तर ते उपग्रह घेऊन वर पोचणारच नाही. विमान आधी धावपट्टीवर पळवता येतं, मग थोडं उचलता येतं. रॉकेटचं अर्धवट उड्डाण नसतं. त्यामुळे नवं रॉकेट पहिल्या काही फेऱ्यांत पडणं हे जवळपास ठरलेलं. स्पेसएक्सचं फाल्कन-१ तीनदा फसलं, चौथ्यांदा २००८ साली कक्षेत पोचलं. त्याच घराण्यातलं फाल्कन-९ आज शेकडो उड्डाणं करतं. तेही १ सप्टेंबर २०१६ रोजी लाँचपॅडवर इंधन भरताना फुटलं आणि सोबत ग्राहकाचा उपग्रह जळला. कारण होतं हेलियमची एक टाकी. आसपास माणूस नव्हता, कारण तोपर्यंत भरलेल्या रॉकेटजवळ कुणी थांबायचं नाही हा नियम अंगवळणी पडला होता.

'फुटू द्या, शिकू' हे धोरण मला मान्य आहे ते याच अटीवर. जानेवारी आणि मार्च २०२५ मध्ये स्टारशिपचे तुकडे कॅरिबियन बेटांवरच्या आकाशातून पडले आणि प्रवासी विमानांना वाटा बदलाव्या लागल्या. प्रयोग माझा, पण खाली उभा दुसरा. तिथे हे धोरण लंगडं पडतं.

## आत माणसं बसली असतील तर?

अंतराळवीरांना लांब नेता येत नाही. तेच तर प्रवासी. आणि धोका नेमका कुठे आहे हे ओळखण्यात इथेही चूक होते. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेच्या चंद्रमोहिमेतल्या अपोलो-१ च्या सरावात रॉकेटमध्ये इंधनच भरलेलं नव्हतं, म्हणून ती चाचणी धोकादायक वर्गात धरली नाही. कक्षात मात्र दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन होता. ठिणगी पडली, दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि तिघे जागीच गेले.

उपाय असा निघाला की माणसांना रॉकेटपासून नेता येत नसेल, तर त्यांच्यासकट कक्षच ओढून न्यायचा. कक्षाच्या टोकावर एक लहान, जोरकस घन इंधनाचं रॉकेट बसवतात. म्हणजे रॉकेटपासून वाचवायला आणखी एक रॉकेट. १४ डिसेंबर १९६६ रोजी याच उपायाने घात केला: माणसं नसलेल्या सोयूझ या सोव्हिएत यानाचं उड्डाण रद्द झालं, कर्मचारी परत जवळ गेले, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिशादर्शकांत पडलेला फरक यंत्रणेने रॉकेट कलतंय असा वाचला. सुटकेचं रॉकेट सुटलं, खालच्या रॉकेटला आग लागली. सुटकेचा आवाज ऐकून बहुतेक जण पळाले म्हणून वाचले, तरी जीवितहानी झालीच.

२६ सप्टेंबर १९८३ ला मात्र त्याने काम चोख केलं. व्लादिमिर तितोव्ह आणि गेनाडी स्त्रेकालोव्ह बसलेल्या सोयूझच्या तळाशी उड्डाणाच्या दीडेक मिनिट आधी आग लागली. आज्ञा नेणाऱ्या तारा जळाल्या, त्यामुळे नियंत्रकांना रेडिओवरून संकेत द्यावा लागला. कक्ष उडाला आणि काही सेकंदांत खाली सगळं फुटलं. दोघे चारेक किलोमीटरवर जिवंत उतरले.

शटलमध्ये असा सुटकेचा मार्ग नव्हता. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानात तो कक्षाच्या अंगातच बसवलाय. असा एक कक्षही एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत फुटला, अर्थात रिकामा. स्टारशिपला स्वतंत्र सुटका-रॉकेट नाही. माणसं बसवण्याआधी माल आणि उपग्रह नेणारी पुष्कळ उड्डाणं करून भरवसा कमवायचा, अशी ती योजना आहे.